तोंडावर कुणी बोललं नाही

चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती, सातवीच्या वह्यांवर ठेवलेली. वहीचं फाडलेलं पान आणि मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं अक्षर. 'मॅडम, राग मानू नये. तुमच्या तोंडाला फार वास येतो. मुलं हसतात. इलाज करावा. एक हितचिंतक.' कागदात चार लवंगा आणि दोन वेलदोडे गुंडाळलेले.

मधली सुट्टी संपत आली होती. स्टाफरूममध्ये आम्ही सातजण होतो. मी मान वर करून एकेकाकडे बघितलं. कुणी हजेरीपटात डोकं घातलेलं, कुणी डबा आवरत होतं, कुणी मोबाईल बघत होतं. एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. सात माणसांच्या खोलीत एखादी बाई हातात कागद धरून उभी राहिली तर कुणीतरी विचारतंच ना, काय झालं म्हणून? कुणी विचारलं नाही. चिठ्ठी एकानं लिहिली असेल, पण तिच्यातला मजकूर सगळ्यांना पाठ होता.

मी पलूसच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. सासर आष्ट्याचं. घरी ऊस, दोन म्हशी, सासू-सासरे. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. ही चिठ्ठी मिळाली ती कोरोनाच्या आदल्या वर्षी. तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि शाळेत सात.

तास होता म्हणून चिठ्ठी मुठीत धरूनच वर्गावर गेले. पहिल्या बाकावरच्या मुलीची वही तपासायला वाकले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी वहीकडे न बघता तिच्याकडे बघितलं. पोरीनं श्वास रोखला होता. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगवलेले, विहिरीत बुडी मारायच्या आधी पोरं करतात तशी. मी सरळ झाले तेव्हा तिनं हळूच श्वास सोडला. हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. मला वाटायचं, पोरं मला घाबरतात. माझा वर्गात दरारा आहे, असं मी घरी कौतुकानं सांगायचे. एवढी मोठी बाई मी, आणि मला दरारा आणि दुर्गंधी यातला फरक कळला नव्हता.

संध्याकाळी गाडी दारात लावली आणि सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले. त्या गोठ्यापाशी धार काढायच्या तयारीत होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"आत्या, एक विचारू? माझ्या तोंडाला वास येतो?"

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हशीकडे बघत म्हणाल्या, "येतो की."

"कधीपासून?"

"लगीन हून आलीस तवापासनं."

"आठ वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"आसं कसं सांगायचं गं? लेकीवाणी तू. मन दुखावलं असतं तुजं."

"आणि आता दुखावलं नाही?"

"मी सांगाय आले का आता? तूच इचारलंस नव्हं." आणि त्या धार काढायला बसल्या.

मी तिथंच उभी राहिले. मला आठवायला लागलं. हळदी-कुंकवाला बायकांच्या घोळक्यात मी बसले की घोळका सरकायचा. नणंदेचं बाळ पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिलं तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, पापी नका घेऊ, डॉक्टरांनी सांगितलंय, बाळ लहान हाय." मी केवढी शहाण्यासारखी मान हलवली होती. शेजारच्या बाईनं मात्र त्याच बाळाच्या दोन्ही गालांच्या पाप्या घेतल्या, तेव्हा डॉक्टर कुणाला आठवले नाहीत. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची खिडकीपाशी सरकवून ठेवायचा शिपाई. मला वाटायचं मान आहे, मॅडमना वारं लागावं म्हणून.

नवऱ्याला फोन लावला. तो तेव्हा उत्तरेत कुठंतरी होता. सरळ विचारलं. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर.

"आवं, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मला वाटलं, तुला माहीत हाय."

"मला माहीत असतं तर मी तशीच राहिले असते?"

"आता मी काय सांगू. सुट्टीला चार दिवस येणार, त्यात तुला नाराज कुठं करायचं."

दर सुट्टीला हा माणूस पहिले दोन दिवस घरात आणि मग 'उकडतंय' म्हणून गच्चीवर झोपायला जायचा. डिसेंबरातही उकडायचं त्याला. बर्फात राहून आलेला माणूस, अंगात गरमी जास्त, असं मी स्वतःच्या मनाला समजावलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून याच आत्यांनी मला दोन देवळं आणि एका डॉक्टरीणबाईकडं फिरवलं होतं. त्यांच्या लेकाला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा, तू झोपतोस कुठं. फोन ठेवला आणि मी न्हाणीत जाऊन ब्रशनं जीभ घासली. रक्त आलं तरी घासत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून, एकदा विषय फुटल्यावर, सगळं गाव हुशार झालं. आठ वर्षं ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे एक इलाज निघाला. आत्या म्हणाल्या ओव्याचं पाणी पी. जाऊबाई म्हणाल्या पेरूची पानं चाव. सासरे, ज्यांनी मला आजवर 'पाणी आण' याशिवाय शब्द सांगितला नव्हता, ते कडुनिंबाच्या काड्या कापून आणायला लागले. शेजारची बाई मिसरीची डबी घेऊन आली. "ह्येच्यागत काय न्हाई बघ, घास आनि बस घटकाभर, वास जातोय का न्हाई बघ." तिचे स्वतःचे पुढचे दात काळे पडून हलत होते. मी डबी परत दिली तर तिला राग आला. "वास जाया नको आसंल तर ऱ्हाऊ दे," म्हणाली.

कांदा सोडला. लसूण सोडली. खर्डा सोडला. खर्ड्याशिवाय भाकरी म्हणजे काय हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. पुढची चार वर्षं मी दूधभाकरी आणि मुगाची डाळ खाऊन काढली. वास तसाच होता. आता तो मला येत नव्हताच, कधीच आला नव्हता. मी समोरच्याच्या चेहऱ्यावर तो वाचायला शिकले होते. बोलता बोलता समोरच्या माणसाची नाकपुडी किंचित आत ओढली जाते, मग नजर बाजूला जाते, मग पाय. किती अंतरावर हे होतं तेही मी मोजून ठेवलं होतं. दोन हात. म्हणून मी सगळ्यांपासून तीन हातांवर उभी राहायला लागले. तोंडावर हात धरून बोलायची सवय लागली. वर्गात कविता म्हणणं बंद केलं. कवितेला तोंड उघडावं लागतं. मी फळ्याकडे तोंड करून व्याकरण शिकवायला लागले.

सांगलीला एका दातांच्या दवाखान्यात गेले. चकचकीत दवाखाना, भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो. डॉक्टरांनी दात साफ करून दिले. हिरड्या जरा सुजल्यात म्हणाले, त्या बऱ्या झाल्या. गुळण्या करायला निळं औषध दिलं. वास तसाच राहिला. पुन्हा गेले, तर एक दाढ भरली. तिसऱ्यांदा गेले, तर म्हणाले, मागची अक्कलदाढ तिरकी आहे, तिथं अन्न अडकतं, काढून टाकू. दाढ दुखत नव्हती. किडलेली नव्हती. पण माझी तेव्हा अवस्था अशी होती की ते म्हणाले असते जीभ काढू, तर मी तोंड उघडून बसले असते. दाढ काढली. गाल आठवडाभर सुजला. वास गेला नाही.

चौथ्यांदा गेले तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, काही काही लोकांना नुसतं वाटत असतं की वास येतो. मनाचा खेळ असतो तो."

"मला वाटत नाही डॉक्टर. मला तर येतच नाही. लोकांना येतो."

"तेच म्हणतोय मी. लोकांना येतो असं तुम्हाला वाटतं."

मग पोटाचे डॉक्टर झाले. घशातून नळी घालून पोट बघितलं. थोडं पित्त आहे म्हणाले. पित्त कुणाला नसतं? सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या मी वर्षभर घेतल्या. एक वैद्य झाले, त्यांनी कोठा साफ नाही म्हणून इतका साफ केला की मी दोन दिवस शाळेत जाऊ शकले नाही. या सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, जीभ बघितली, पोट बघितलं. घरची कामं, नोकरी, नवऱ्याची बदली, मूल का नाही, सगळं विचारलं. एकानंही जवळ येऊन वास घेतला नाही. ज्या तक्रारीसाठी बाई पलूसवरून सांगलीला खेपा घालते, ती तक्रार खरी आहे का, हे बघायला एक नाक लागतं. तेवढंच कुणी वापरलं नाही.

मधे कोरोना आला. लोक मास्कनं हैराण झाले होते, गुदमरतंय म्हणायचे, हनुवटीवर ओढून ठेवायचे. मी दोन मास्क घालत होते, एकावर एक. शाळा पुन्हा सुरू झाली आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची भरली. एक बाई तर डबा घेऊन माझ्याजवळ बसली आणि तिच्या मुलीच्या लग्नाचं पाऊण तास बोलत राहिली. आठ-नऊ वर्षांत मला कुणी एवढं सलग काही सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी आनंदानं आत्यांना सांगितलं आणि मग स्वतःचीच चीड आली. जगात माणसं मरत होती आणि मला बरं वाटत होतं. लोकांनी मला इतकं खाली आणून ठेवलं होतं की साथीचा रोग मला सोयीचा वाटायला लागला होता. पुढं मास्क उतरले. ती बाई दुसऱ्या टेबलाला जाऊन बसली.

याच काळात माझं लक्ष आमच्या मुख्याध्यापकांकडे गेलं. त्यांच्या गालात सकाळी दहापासून मावा असतो. सही घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेलं की सुपारी, तंबाखू आणि कुजलेल्या हिरड्यांचा असा भपका येतो की डोळ्यांत पाणी यावं. एक गणिताचे सर आहेत, सोमवारी सकाळी त्यांच्याजवळ उभं राहिलं की रविवार संध्याकाळ कशी गेली ते कळतं. त्यांच्या खणात कुणी लवंगा ठेवल्या नाहीत. त्यांना पाहून पोरी श्वास रोखतात, पण कुणी हसत नाही. माझा नवरा फौजेतून तंबाखूची सवय घेऊन आला. इतकी वर्षं मी तो वास उशीवर, चादरीवर, माझ्या केसांत सहन केला आणि त्याला कधी वास म्हटलंच नाही. पुरुषाच्या तोंडाला वास आला तर ती सवय असते. बाईच्या तोंडाला आला तर बाईच घाण. हे कळलं त्या दिवशी मी मुख्याध्यापकांपुढं रजेचा अर्ज टाकला आणि तोंडावरचा हात काढून, त्यांच्या टेबलावर वाकून, मोठ्यांदा "सर, सही" म्हणाले. ते मागं सरकले. मला वाईट वाटलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. गाडीतून दोन नर्स आणि एक डॉक्टर मुलगी उतरली. मुलगीच म्हणायची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पायात साधी चप्पल. मुलांच्या रांगा लावायचं काम माझ्याकडे होतं. मी लांबून बघत होते. ती प्रत्येक पोराला जवळ ओढायची. कान बघायची, डोळ्यांची पापणी ओढायची, 'आ कर' म्हणायची आणि तोंडाजवळ नाक न्यायची. एका पोराला म्हणाली, "तुझी दाढ किडलीय, हो ना? वासावरून कळतंय. आईला सांग, मी कागदावर लिहून देते." इतकं साधं. पोरगं "व्हय" म्हणालं आणि शर्टाची बटणं लावत निघून गेलं. ना लाजलं, ना रडलं.

तपासणी संपली, नर्सबाई सामान भरायला लागल्या. मी तिच्यासमोर तीन हातांवर जाऊन उभी राहिले. तोंडावर हात धरूनच म्हटलं, "मॅडम, मला तोंडाच्या वासाचा त्रास आहे. सगळे इलाज झाले."

"हात काढा ना," ती म्हणाली. "बसा इथं."

मी बसले. तिनं खुर्ची पुढं ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. माझं अंग आपोआप मागं गेलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाक चिमटीत धरा आणि तोंडानं श्वास सोडा माझ्या तोंडावर."

"नको हो मॅडम."

"सोडा."

मी सोडला. ती हलली नाही. "आता तोंड घट्ट मिटा आणि नाकानं सोडा." सोडला. ती थांबली, पुन्हा सोडायला लावला. मग म्हणाली, "आता डावी नाकपुडी दाबून, फक्त उजवीनं." उजवीनं मला नीट श्वास सोडताच येईना. ती बाजू लहानपणापासून चोंदलेलीच असते. मला कायमची सर्दी आहे, असंच मी समजत आले होते.

"तुमच्या तोंडाला वास नाहीये," ती म्हणाली. "नाकाला आहे. तोही एकाच बाजूच्या. या बाजूनं पाणी येतं का? पिवळट?"

"येतं. सर्दी असते मला."

"सर्दी एका नाकपुडीची नसते हो. मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. लगेच दाखवा, पुढं ढकलू नका."

ती मला समजावून सांगत होती, की बहुतेकांचा वास तोंडातूनच येतो, जिभेच्या मागच्या भागावर साचलेल्या थरातून, हिरड्यांतून, किडक्या दातांतून. म्हणून आधी दातांचा डॉक्टर बघतात, त्यात चूक नाही. पोटातून येणारा फार क्वचित. पण तोंड नीट करूनही वास राहिला, तर नाक आणि घसा बघायलाच हवा. आणि स्वतःचा वास स्वतःला येत नाही, कारण नाकाला सवय होऊन जाते. मी ऐकत होते, पण माझ्या कानात एकच गोष्ट घुमत होती. दोन मिनिटं. चिठ्ठीनंतरचा चार वर्षांचा कोंडमारा आणि त्याआधी न कळलेली सगळी वर्षं. त्यावर या पोरीला दोन मिनिटं लागली, एक खुर्ची पुढं ओढून.

मिरजेच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण घातली आणि म्हणाले, आत खडा आहे. नाकात खडा होतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, लहानपणी आत काहीतरी अडकलं की त्याच्यावर वर्षानुवर्षं क्षार साचत जातात, अवतीभवती पू होतो, कुजतं, त्याचा वास. भूल देऊन काढावा लागेल.

काढला. शुद्धीवर आल्यावर नर्सनं बाटलीत दाखवला. करड्या, खडबडीत ढेकळाचे तीन तुकडे. काढताना फुटला होता. मधल्या तुकड्यातून काळं, गुळगुळीत काहीतरी डोकावत होतं. सीताफळाची बी.

माझं माहेर फलटणजवळचं. बांधावर सीताफळाची झाडं आहेत. आई भेटायला दवाखान्यात आली तेव्हा मी बाटली तिच्यापुढं धरली. तिनं हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि खाटेवर माझ्या पायाशी टेकली.

"तीन वर्साची व्हतीस," ती म्हणाली. "नाकात बी घातली म्हून बोंबलत आलीस. म्या तुज्या आज्ज्याची तपकीर हुंगवली. शिंकलीस, बी टपकन पडली. म्या म्हनलं, सुटली पोर." तिनं बाटली पुन्हा उलटीपालटी करून बघितली. "एक पडली गं. दोन घातल्या व्हत्यास ह्ये मला काय ठावं?"

आईवर मला राग आला नाही. तिनं जे कळलं ते केलं, तिथल्या तिथं केलं. तिनं माझं नाक धरून बघितलं तरी होतं. तिच्यानंतर पस्तीस वर्षं कुणी बघितलं नाही.

महिनाभर मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं. वास पहिल्या दोन आठवड्यांतच गेला. मला तो गेल्याचं कळलं नाहीच. कळलं ते आत्यांमुळं. त्या भाकरी थापताना मी जवळ बसले होते आणि त्या नेहमीसारख्या तोंड वळवून बोलत नव्हत्या. माझ्याकडे बघून, अगदी तोंडासमोर तोंड आणून सांगत होत्या की म्हैस आटली. मी उठले, फडताळातून मिरच्या काढल्या, लसूण सोलली आणि खलबत्त्यात खर्डा कुटला. भाकरीवर घालून तिथंच चुलीपाशी खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं. आत्या म्हणाल्या, "लय तिखाट झालं का?" मी दुसरी भाकरी ओढून घेतली. बोलले असते तर भांडण झालं असतं.

भांडण सांगलीत केलं. बाटली घेऊन त्या दाताच्या दवाखान्यात गेले, नंबर लावला, खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी फाईल उघडली, "बोला मॅडम." मी बाटली त्यांच्या हत्यारांच्या ताटलीत ठेवली.

"हे काय?"

"माझा मनाचा खेळ."

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बाटली फिरवून बघितली. मग म्हणाले, "हे फार दुर्मिळ असतं मॅडम. आमच्या क्षेत्रातलं नाही हे."

"दुर्मिळ आहे, कबूल. तुम्हाला खडा कळायला पाहिजे होता असं मी म्हणतच नाही. तुम्ही एकदा तरी वास घेतलात का?"

"आम्हाला मास्क असतो."

"मग मास्क काढायचा होता. एकदा. ते नको होतं तर सांगायचं, मला कळत नाही, दुसरीकडं जा. माझी चांगली दाढ का काढलीत?"

ते म्हणाले, दाढ तिरकीच होती. बाहेर बसलेली माणसं दारातून बघायला लागली होती. मला ते हवंच होतं. मी मोठ्यांदा म्हणाले, "बाईला वेडी ठरवायला तुम्हाला वास घ्यावा लागला नाही." आणि बाटली उचलून निघून आले. माफी त्यांनी मागितली नाही. घरी येताना गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

शाळेत मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. माझ्याभोवतीच्या खुर्च्या हळूहळू जवळ आल्या. एक दिवस ती, मुलीच्या लग्नाचं सांगणारी बाई, डबा घेऊन आली आणि म्हणाली, "एक सांगू? ती चिठ्ठी मीच लिहिली होती. बघ, कामाला आली की नाही?"

तिला वाटलं असावं मी आभार मानेन. मी डब्याचं झाकण लावलं. खरं सांगायचं तर सातजणांत काहीतरी केलं ते तिनंच. पण ती चिठ्ठी वाचल्यानंतर मी किती दिवस त्या खोलीत प्रत्येकाच्या अक्षराकडे चोरून बघत होते, ते तिला माहीत नव्हतं.

"नाव का नाही घातलं?" मी विचारलं.

"अगं, तुला वाईट वाटलं असतं ना."

"वाईट वाटलंच. फक्त कुणाजवळ जाऊन रडायचं ते कळलं नाही. तुझं नाव असतं तर तुझ्याजवळ आले असते."

ती उठून गेली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं. मलाही तेवढं पुरतं.

नवरा गणपतीला सुट्टीवर आला. दुपारी जेवणं झाली, तो पलंगावर आडवा झाला आणि मला म्हणाला, "बस की हितं जरा." त्याच्या आवाजात जुनी लाडीगोडी होती, लग्नाच्या पहिल्या आठवड्यातली. बारा वर्षांनी त्याला उकडायचं थांबलं होतं. मी बसले. तो जवळ सरकला आणि तंबाखूचा तो आंबूस भपका माझ्या नाकात शिरला. आता माझ्या दोन्ही नाकपुड्या चालत होत्या.

"तुमच्या तोंडाला वास येतो," मी म्हणाले.

तो हसला. "तंबाखूचा व्हय? तो येतोच की."

"तंबाखूचा नाही नुसता. हिरड्या कुजल्याचा येतो. दात घासताना रक्त येतं तुमचं, मी बेसिनमध्ये बघितलंय. आणि गालाला आतून पांढरं काय झालंय ते परवा जांभई देताना दिसलं. दाखवून या."

त्याचं हसू गेलं. "मला आजवर कुणी बोललं न्हाई आसं."

"मी बोलायला पाहिजे होतं. बारा वर्षं बोलले नाही. तुम्ही माझ्याशी वागलात तशीच मी तुमच्याशी वागले."

तो उठून बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आत्या म्हणाल्या, "पोरगं चार दिवसासाटनं येतंय, त्याला कशाला टोचाय लागतीस?" मी म्हटलं, "आत्या, तुम्ही गप्प बसून माझी आठ वर्षं घालवलीत. मी गप्प बसून तुमच्या लेकाचा गाल घालवणार नाही." सुनेनं सासूला असं बोलायचं नसतं. बोलले. सासरे ओट्यावर काडी चावत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही, पण काडी चावायची थांबवली.

तिसऱ्या दिवशी नवरा स्वतःहून म्हणाला, "युनिटला गेल्यावर दावतो." तिकडं जाऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मधले दहा दिवस मला जेवण गेलं नाही. रिपोर्ट आला, अजून वाईट काही नाही, पण तंबाखू आज, आत्ता, या मिनिटाला सोडायची. हिरड्यांवर इलाज चालू झाला. रोज संध्याकाळी फोन करतो. सोडली म्हणतो. खाल्ली की नाही ते मला कसं कळणार? फोनमधून वास येत नाही. पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय, तेव्हा त्याला दारातच उभा करून, आत्यांसमोर, जवळ जाऊन बघणार आहे.